पिशवीखालचा गहू

सासूबाई बावीस वर्षं प्रयोगशाळेत बरण्या घासत होत्या. सून मागाहून लागली, पण शिकलेली, म्हणून तिथं तिचा शब्द चाले. घरी मात्र सासूबाईंपुढे पातेल्यावरचं झाकणही वाजत नसे.

सुनेनं आठ महिने खपून गव्हाच्या कोवळ्या दाण्यांतल्या कोंभांपासून बरण्यांत, स्वतः बनवलेल्या खुराकावर पांढुरके गोळे वाढवले. बरेचसे काळे पडून गेले. काहींवर हिरवे ठिपके आले, ठिपक्यांतून पाती फुटली, खाली मुळं सुटली. त्यातली पहिली अकरा रोपं तिनं कपातल्या मातीत लावली, वर प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या आणि ती मीटिंगला गेली.

सासूबाईंनी बघितलं, तर पिशव्या आतून घामेजलेल्या. "अगं बाई, लेकरं गुदमरतायत की!" झालं, अकराही पिशव्या निघाल्या. सून यायच्या आत परत चढल्याही.

सकाळी अकराही रोपं माना टाकून पडलेली.

सून मटकन स्टुलावर बसली. "माझ्या खुराकातच खोट असणार. उरलेल्या तीस बरण्याही त्यावरच वाढल्यात. वाफेत घालून संपवून टाका सगळ्या, आई. पहिल्यापासून करते."

सासूबाईंनी ट्रॉली ओढली. आमटी खारट झाली तर मिठाला बोल लावणारी बाई ती. चूक कबूल करणं तिच्या सात पिढ्यांत नव्हतं. ट्रॉली दारापर्यंत गेली. पुढं पाय उचलेना. तीस बरण्यांतली हिरवी पाती काचेला टेकून उभी होती.

"खुराकाला नावं ठेवू नकोस," त्या फणकारल्या. "पिशव्या काल मी काढल्या होत्या."

"काय?"

"बहिरी झालीस? मी काढल्या. जीव तुटला माझा."

"आई, बरणीतल्या पानांना पाणी धरून ठेवायची सवयच नसते हो. एकदम वारा लागला की संपलं. पिशवीला रोज एकेक भोक पाडून सवय लावावी लागते."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला? मी सांगायचं?" सुनेला रडता रडता हसू फुटलं. तिनं वही ओढली. "किती वेळ उघडी होती?"

"जेवणापासून चहापर्यंत. लिही. आणि कुणी उघडली तेही लिही, मी काही चोर नाही."

ट्रॉली मागं फिरली.

पुढच्या आठवड्यात चौदा रोपं मातीत गेली. टाचणी सासूबाईंच्या हातात. प्रयोगशाळेचे साहेब कौतुकानं एक पिशवी उचलायला गेले, तर त्या कडाडल्या, "डोळ्यांनी बघा, साहेब! आज फक्त दुसरं भोक आहे."

साहेबांनी निमूट हात खिशात घातला.