घाटासाठी घेतलेली गाडी

मी एक जुनी डिझेल गाडी आहे, मित्रांनो. वय म्हणाल तर फार नाही. पण इंजिनाने मान टाकली की गाडी जुनीच समजतात. मुलुंडच्या एका सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारी मी उभी असते.

माझं नशीब शोरूममध्येच ठरलं. सहदेव नुकतेच निवृत्त झाले होते. बरोबर पत्नी नलिनी आणि मुलगी श्रुतिका होती. समोर एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या होत्या. एकीत बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, माझ्यात पंधराशेचं डिझेल.

"पप्पा, आपण जाणार कुठे? स्टेशन, भाजी मार्केट, फार तर घाटकोपरला आत्याकडे. छोटं घ्या ना," श्रुतिका म्हणाली.

"आणि गावाक? माणसं भरलेली, डिकी भरलेली, वर एसी. घाटात गाडी रडली तर गावचो दादा काय म्हणतलो?" सहदेव म्हणाले.

"अहो, घाट वर्षातून एकदा. भाजी रोज असते," नलिनी म्हणाल्या.

"एकदा का असेना, चढली पाहिजे ना झकास!"

मी घरी आले. त्या गणपतीला मी घाट एका दमात चढले. गावी राहिलेले सहदेवांचे थोरले भाऊ, धर्मादादा, माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "सहदेवा, ही गाडी नाय रे, बैल आसा बैल! आता वरचेवर ये."

पण पुढच्या वर्षी सहदेवांचे गुडघे धरले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही निघालं. दादांचा फोन आला की ते म्हणायचे, "पुढच्या गणपतीला नक्की. गाडी तयार ठेवलीय."

आणि खरंच ते मला तयार ठेवत. रोज सकाळी खाली येऊन मला चालू करत आणि जागेवरच घरघरत ठेवत. मित्रांनो, ही माया होती, पण तीच मला मारत होती. डिझेलच्या धुरातली काजळी माझ्या धुराच्या नळीतल्या जाळीत अडकते. लांब रस्त्यावर मी तापले की ती जळून जाते. जागेवर उभ्या इंजिनाला तेवढी ऊब येत नाही. काजळी फक्त साचत जाते. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला. श्रुतिका म्हणाली, "पप्पा, गॅरेजमध्ये दाखवा हो." सहदेव म्हणाले, "दिवे लागतातच गं. आवाज बघ कसा आहे!"

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. दादा अंथरुणाला खिळले होते. "भावोजी, आजच येवा. तुमचाच नाव घेतत."

तासाभरात आम्ही निघालो. घाट फार पुढे होता. पनवेल ओलांडून कर्नाळ्याच्या साध्या चढावरच माझा श्वास कोंडला. जाळी इतकी गच्च झाली होती की आता ती तापूनही मोकळी होईना. माझी ताकद गेली. सहदेव पाय दाबत होते, "चल गं बाय, चल!" मागून ट्रक हॉर्न देत होते. पंधराशे सीसी असून मी सायकलपेक्षा हळू चालले होते.

शेवटी मला कडेला सोडून ते मिळेल त्या एसटीने गेले. पोचेपर्यंत रात्र झाली. दुपारपर्यंत दादा त्यांचंच नाव घेत होते. सहदेव उशाशी बसले तेव्हा दादांनी त्यांना ओळखलं नाही. नंतरही कधी ओळखलं नाही. दिवाळीआधी ते गेले.

आता मला विकायचं चाललंय. परवा श्रुतिकाने माझ्याजवळ उभं राहून विचारलं, "पप्पा, नवीन कुठलं इंजिन घ्यायचं?" शोरूममधली गोष्ट तिने काढली नाही.

"कुठलंही घे गं," सहदेव म्हणाले. "घाट चढून आता भेटायचं कोणाला?"

मित्रांनो, गाडी घ्याल तेव्हा ती रोज कुठे जाणार ते आधी बघा. आणि मोठं इंजिन घेतलंत, तर त्याला नुसतं तयार ठेवू नका, घेऊन निघा. मला तो लांबचा रस्ता वरचेवर हवा होता. दादांनाही तेवढंच हवं होतं.