गोलकीपरला चिपिल

रविवारी सकाळी सात वाजता नाबोर क्वातेकोंत्सी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. कारण एवढंच होतं की गोड पावाचा शेवटचा तुकडा बायकोने मुलीला दिला. नाबोर स्वतः पाव भाजणारा. सान बार्तोलो गावाच्या सणासुदीचा निम्मा पाव त्याच्या हातून भट्टीत जातो, आणि त्या क्षणीही पडवीत पावाच्या टोपल्या रचलेल्या होत्या. पण त्याला हवा होता तो तोच तुकडा.

बायको देल्फिना सातव्या महिन्यात होती. तिने स्टुलावर पाय ठेवले होते. उरल्यासुरल्या मांडीवर चार वर्षांची तोन्या बसली होती आणि कप बाजूला सारून बाटलीनेच दूध पीत होती. पायांवर तोसिनो हा कुत्रा पसरला होता. देल्फिनाने रडणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि हातातला पेला खाली ठेवला.

"बास झालं," ती म्हणाली. "चारच्या गाडीने मी आपिसाकोला आईकडे चालले. एकटी."

"मी पण," तोन्या म्हणाली.

"एकटी म्हणजे एकटी."

"मग पोटातलं?"

"या घरात तेवढं एकच रडत नाही. त्याला नेते."

आई पोटुशी राहिली की थोरलं मूल किरकिरं होतं, जेवत नाही, आईचा पदर सोडत नाही. त्याला चिपिल झालं म्हणतात. डोंगराच्या या बाजूला ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तोन्याला चिपिल झालंय हे तर देल्फिनाला दिवस गेलेत हे कळण्याआधीच गल्लीने ओळखलं होतं. कुत्र्यालाही झालं, ते जरा उशिरा लक्षात आलं. तो देल्फिनाच्या मागोमाग न्हाणीघरापर्यंत जायचा आणि दार लावलं की दाराला टेकून उसासे टाकायचा. नवऱ्यालाही कधीमधी होतं, असं म्हातारी माणसं सांगत. नाबोरला महिनाभर सकाळी मळमळत होतं, संध्याकाळी पाय सुजत होते, आणि बाळाची टोपी दिसली की डोळे भरून येत होते. पण हे त्याने ओव्हनच्या धुरावर ढकललं होतं.

आता मात्र ढकलून चालणार नव्हतं. देल्फिना गेली तर ती बाळंत होऊनच परत येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. सासूबाईंच्या घरात शिरलेली गोष्ट लवकर बाहेर पडत नाही. नाबोरची शिडी तीन वर्षं तिथेच होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा तो इथे सणाचा पाव भाजत होता. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन पोचला, तोवर तोन्याला न्हाऊ घालून, गुंडाळून, अख्ख्या आळीला दाखवून झालं होतं. सासूबाईंनी त्याला दारात थांबवलं होतं. आत शेजारीण बघत होती, तिचं झाल्यावर त्याचा नंबर. या खेपेला बाळाचा पहिला आवाज आपण ऐकायचा, एवढंच त्याचं मागणं होतं. बाळंतपण इथेच करायचं, हे देल्फिनाने कबूलही केलं होतं. पण ते नाबोर रडायला लागण्यापूर्वी.

तो आईकडे गेला. तिला सगळे दोन्या चोले, म्हणजे चोलेबाई, म्हणत; ती दोन घरं सोडून राहायची. तिने मुलाचे डोळे पाहिले आणि काही न विचारता पांगाऱ्याची फांदी तोडून आणली. पांगाऱ्याच्या लाकडाचे मणी लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातले की चिपिल उतरतं.

"तुझ्या बापालाही झालं होतं," ती सुरीने लाकूड तासत म्हणाली. "तुझ्या बहिणीच्या वेळी. दालचिनी घातलेल्या दूधभाताशिवाय काही खायचा नाही. तोही मी भरवला तरच."

"मग माळ घातलीस?"

"घातली की."

"गुण आला?"

"आला ना. तुझी बहीण झाली त्या दिवशी."

नाबोर खाली बसला.

"तू असं बसू नकोस," आई म्हणाली. "त्याने अर्ध्यावर काढून टाकली होती. लाज वाटली म्हणे. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत काढायची नाही. काढली की केलेलं सगळं फुकट."

आईने एक माळ तोन्यासाठीही केली, पण तोन्या एकटी घालेना. बाबा घालणार असेल तर घालीन म्हणाली. बाबा तर घालायला आलाच होता. मग तोसिनोला पण हवी, असं तिनेच ठरवलं. तिघेजण लाल दोऱ्यात मणी घालून देल्फिनासमोर ओळीने उभे राहिले.

"आता बरं वाटतंय," नाबोर म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

"दिसतंय," देल्फिना म्हणाली. ती पिशवी भरत होती. "हे बघ नाबोर, माझा कोणावर राग नाही. मला एक दुपार अशी हवी आहे की मला कोणी हात लावणार नाही. पोटाला नाही, पायाला नाही, केसांना नाही. काल रात्री कूस बदलायला मला तिघांना उठवावं लागलं."

"कुत्र्याला मी सांगतो."

"कुत्रा लगेच सरकला होता."

दुपारी गावच्या लीगचा अंतिम सामना होता. पाववाल्यांविरुद्ध गाडीवाले, म्हणजे आपिसाकोच्या रस्त्यावर व्हॅन चालवणारे. मैदान थांब्याला लागूनच. नाबोर पाववाल्यांचा गोलकीपर. त्याच्या तब्येतीचं गावाला कळलेलं होतंच. सकाळी रडला ते दहापर्यंत बाजारात पोचलं होतं. मैदानात उतरताच गाडीवाल्यांच्या बाजूने कोणीतरी बाळाची चुसणी फेकली.

"जाड्या, कितवा महिना?"

"डोहाळे काय लागलेत रे? आंबट की गोड?"

"त्याला उभा नका करू, पाय सुजतील."

पंच होते डॉन एलाद्यो, गावचे न्हावी. त्यांनी नाबोरच्या गळ्याकडे शिट्टी रोखली. "दागिने काढ."

"दागिना नाही, औषध आहे."

"कशावरचं?"

"चिपिलवरचं."

"पोरीच्या?"

"माझ्या."

डॉन एलाद्यो जवळ आले. त्यांना सहा मुलं. त्यांनी आवाज खाली आणला. "दुसरं ना?"

"दुसरं."

"दुसऱ्यालाच होतं. पहिल्याच्या वेळी काही कळत नाही, तिसऱ्याला सवय होते. शर्टाच्या आत घाल."

"मग मला पण घड्याळ घालू द्या," गाडीवाल्यांचा कप्तान तोरीबिओ म्हणाला. तोरीबिओ हा तोन्याचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणजे नाबोरचा कोंपाद्रे, मानलेला भाऊ, पण मैदानावर नातं कोणी धरत नाही.

"तुला कशाला घड्याळ? तू वेळेवर कधी निघालास?" पंच म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

सामना उशिरा सुरू झाला, कारण मैदानावर कोणाच्या तरी शेळ्या होत्या. एक गोल पाववाल्यांनी केला, एक गाडीवाल्यांनी. गाडीवाल्यांचा गोल झाला तेव्हा नाबोर गोलच्या मागे बघत होता. देल्फिना पिशवी घेऊन थांब्यावर आली होती. ती उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये, पुढच्या सीटवर बसली. दोन्या चोलेने तोन्याला हाताशी धरलं होतं, तोसिनो गाडीच्या चाकाला टेकून झोपला होता. नाबोरला हुंदका फुटला. त्याने शर्टावरूनच मणी दाबून धरले.

बरोबरी कायम राहिली. पंचांनी पेनल्टी किक जाहीर केल्या. आधी पाववाले मारणार, मग गाडीवाले.

व्हॅनमधून एका बाईने डोकं बाहेर काढलं. तिच्या मांडीवर टर्की कोंबडा होता. "तोरीबिओ, चार केव्हाच वाजले."

"काकू, फायनल आहे," तोरीबिओ मैदानातून म्हणाला. "गाडी काय पळून जातेय?"

"ती पळावी म्हणूनच बसलोय ना आम्ही."

"संपलं की निघालोच."

हे नाबोरने ऐकलं. गोलच्या दोन खांबांमध्ये उभं राहून त्याने ते पुन्हा मनात म्हणून पाहिलं. चारच्या गाडीचा चालक समोर उभा होता, चड्डी आणि बुटांत. सामना संपला की गाडी निघणार. सामना संपला नाही तर निघणार नाही. नाबोरचा हुंदका जागच्या जागी थांबला. महिनाभरात प्रथमच त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

पहिल्या पाच-पाच किक झाल्या तरी बरोबरीच. यापुढे एकाचा गोल झाला आणि दुसऱ्याचा चुकला की निकाल. तेव्हा हिशेब सोपा होता. आपल्या माणसाने गोल केला की समोरच्याचा सोडायचा, आपल्याने घालवला की अडवायचा.

त्याने तसंच केलं. पाववाल्यांचा गोल झाला. गाडीवाल्यांच्या पोऱ्याने चेंडू सरळ त्याच्या पोटावर मारला. नाबोरने मोठ्या कष्टाने डावीकडे उडी घेतली.

"जाड्या," कप्तान मेलितोन ओरडला. मेलितोन भट्टीचा मालक. "पोटावर आला होता तो."

"पोटावर काही येऊ द्यायचं नाही, असं ठरलंय घरात."

पुढची किक पाववाल्यांनी आभाळात मारली. आता गाडीवाल्यांनी चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला, कोणालाच न मिळणारा. नाबोर हवेत गेला, एका बोटाने तो बाहेर काढला आणि धुळीत पडला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मेलितोनने डोकं धरलं. अवघड ते सगळं अडवतोय आणि सोपं सोडतोय, असा गोलकीपर त्याने पाहिला नव्हता.

"तू आजारी आहेस की बरा आहेस, एकदा सांग," मेलितोन म्हणाला.

"बरा होतोय हळूहळू."

खेळ लांबत गेला. सगळ्यांची पाळी झाली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. टर्कीवाली बाई गाडीतून उतरून शेंगदाणे घेऊन आली. तोन्या आजीचा हात सोडून मैदानाच्या कडेला चेंडू आणून द्यायला लागली; बाटली तिने कुठेतरी ठेवली होती आणि तिची आठवणही काढली नव्हती.

नाबोरने आणखी एक लोळत आलेला चेंडू दोन पायांमधून जाऊ दिला, तेव्हा व्हॅनचं दार उघडलं. देल्फिना उतरली. पोटाला हाताने आधार देत ती गोलच्या खांबापाशी आली. तिने सहा वर्षं त्याला खेळताना पाहिलं होतं.

"मुद्दाम सोडतोयस," ती म्हणाली.

"हो."

"कशाला?"

"तोरीबिओने स्टिअरिंगवर बसू नये म्हणून."

देल्फिनाने मैदानाकडे पाहिलं. पाववाल्यांचा माणूस किकसाठी चेंडू ठेवत होता. "आणि किती वेळ चालवणार हे?"

"बाळ होईपर्यंत."

"दोन महिने आहेत अजून."

"आमच्याकडे राखीव खेळाडू आहेत."

ती हसली नाही, पण तिने ओठ आत ओढून धरले. "मला दुपारभर कोणी हात लावू नये एवढंच मागितलं होतं मी."

"कोणी लावला?"

देल्फिनाने विचार केला. बारा वाजल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. तोन्या चेंडूमागे होती, कुत्रा चाकाखाली, नवरा दोन खांबांमध्ये अडकलेला.

"बसायला काहीतरी दे," ती म्हणाली.

नाबोरने पाववाल्यांचं पाण्याचं क्रेट उलटं करून खांबापाशी ठेवलं आणि हात मागे घेतला. ती त्यावर टेकली.

पाववाल्यांचा गोल झाला. आता गाडीवाल्यांकडून स्वतः तोरीबिओ आला. त्याने चेंडू ठेवला, मग वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

"हा अडव," देल्फिना म्हणाली.

नाबोरने वळून पाहिलं. "अडवला तर आम्ही जिंकलो. सामना संपला."

"ते कळतं मला."

"म्हणजे तू जाणार?"

"मी म्हटलं, अडव."

"जाणार की नाही ते आधी सांग."

"नाबोर, मला कंबर ताणून बसवत नाही. अडव आणि मग विचार."

"आधी विचारलं तर काय होतंय?"

"कोंपाद्रे," तोरीबिओ बारा पावलांवरून म्हणाला, "तुमचं झालं असेल तर मारू का? माझे प्रवासी बसलेत."

"थांब जरा," देल्फिना आणि नाबोर दोघंही म्हणाले.

डॉन एलाद्योंनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. मेलितोन हात जोडून उभा होता. सूर्य डोंगराला टेकला होता आणि दोन्या चोले कपाळावर हात धरून तिकडेच बघत होती. अठरा-सतरा, पाववाले पुढे. मग शिट्टी वाजली, तोरीबिओ धावत सुटला, आणि नाबोर अजून बायकोकडेच बघत होता.