बेसिनमधल्या मुंग्या

बेसिन घासायला घेतलं तेव्हा थोरलीला मुंग्या दिसल्या. जाळीभोवती सुकलेल्या गुलाबी, चिकट ओघळाला त्या लागल्या होत्या. तिनं बोट लावून वास घेतला. बाबांचं दुखणं थांबवायचं औषध.

झोपेत घोरता घोरता श्वास अडकायचा, म्हणून बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखायची वाट बघू नका, औषध वेळेवर द्या आणि ते लागू पडलं की गार दूध पाजा. पोटात काही गेलं नाही तर पुन्हा सलाईन लावावं लागेल. थोरली सासरचं सगळं सोडून त्यासाठीच आली होती. बाबा औषध तोंडात घ्यायचे आणि तोंड फार गोड होतं अशी खूण करत चूळ भरायला उठायचे. मग दुधाच्या दोन घोटांतच डोळे भरून यायचे आणि पेला तसाच राहायचा.

ऑपरेशनचा हट्ट आईचा. रात्ररात्र कोपर मारून ती त्यांचा श्वास चालू करायची आणि सकाळी म्हणायची, "या पहाऱ्याला पगार नाही की पेन्शन नाही." तारीख तिनंच पक्की केली आणि तारखेआधी, भाजी निवडता निवडता, तीच गेली. घरभर माणसं रडत होती आणि बाबा, जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस, मीटरची पेटी उघडून फ्यूज तपासत बसले होते. डोळ्यांतून टिपूस नाही. थोरलीच्या मनात ते अजून सलत होतं.

ती बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

"औषध थुंकून देता होय?"

बाबांनी मान खाली घातली.

"परत ॲडमिट व्हायचंय? आई गेली तेवढं पुरे नाही झालं मला?"

बाबा बोलले ते अगदी हळू, शब्दाशब्दाला थांबत.

"दुखलं की डोळ्यांत पाणी येतं."

"मग औषध घ्या ना. नाही येणार."

"तेच तर."

बाबांनी गळ्यावर हात ठेवला.

"घसा दुखतोय म्हणतात सगळे. कुणी विचारत नाही. एरवी नाही गं जमत मला."

आई गेली त्या दिवशी घरातले सगळे दिवे नीट चालू होते, हे तिला आत्ता आठवलं. ती पलंगावर, आई झोपायची त्या बाजूला बसली आणि मापाच्या झाकणात औषध ओतलं.

"आधी हे घ्या. मग रडू. मी बसते इथेच."

बाबांनी डोळे मिटून ते गिळलं.

थोड्या वेळानं औषध लागू पडलं. दुधाचा पेला त्यांनी सावकाश, पण पुरता संपवला. घसा आता फारसा दुखत नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. डोळे मात्र वाहतच होते, आणि थोरलीनं कारण विचारलं नाही.