मौनातली शिकवणी

"जोडाक्षर आलं की पळू नगंस. आधीच्या अक्षरावर टेकायचं, मग फुडं जायचं." शेळगावच्या फुलाबाई आत्या स्तोत्र शिकवताना मला असं सांगायच्या.

माझी लेक मेघना बारामतीच्या एमआयडीसीत एका इटालियन कंपनीत आहे. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला तिकडं जायचं, तर त्यांच्या भाषेतली तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. एकदा ती नापास झाली. सोमवारची संधी शेवटची.

रविवारी सकाळी मी दूर्वा निवडत बसले होते. नैवेद्य होईपर्यंत माझं मौन असतं. रोजचंच, अठरा वर्षं झाली. समोर मेघनाची घोकंपट्टी चाललेली.

"पार्लेरेमो म्हणजे आपण बोलू. पार्लेरेम्मो म्हणजे बोललो असतो. माझी दोन्ही सारखीच येतात गं! बाई म्हणतात, तोडून म्हण. आई, ऐकून सांग की चुकतंय कुठं."

मी देवाकडं बोट दाखवलं.

"देव बोलत नाही, आता तू पण नाही. चांगलं घर मिळालंय मला!"

ती पळत होती, एवढं मला ऐकूनच कळत होतं. मी चार दूर्वा घेतल्या आणि तिच्यापुढं एकेक मांडू लागले, एका अक्षराला एक. पार, ले, रेम, मो. तिसरी दूर्वा मात्र खाली ठेवलीच नाही, बोटांत धरून राहिले. मेघना थांबली. 'रेम'वर टेकली. मग मी दूर्वा ठेवली आणि ती 'मो' म्हणाली.

"अगं, आलं!"

मग कितीतरी शब्द झाले. देवाच्या दूर्वांवर परकी क्रियापदं चालतील का, असं एकदा मनात आलं. पण अक्षर तर त्याचंच, म्हणून त्याच दूर्वा त्याला वाहिल्या.

उठताना मेघना म्हणाली, "कंपनीतला इंद्रजित आहे ना, माळेगावचा? तो माझ्यापेक्षा जास्त अक्षरं गिळतो. त्याची परीक्षा गुरुवारी आहे. मी पास झाले तर त्याच्या घरी जाऊन त्यालाही शिकवशील?"

मी मान हलवली.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. पास! रडत होती की हसत होती, कोण जाणे. मी देवापुढं गूळ-खोबरं ठेवलं.

जेवताना ती म्हणाली, "इंद्रजितचं राहू दे. परक्याच्या घरी तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मीच सांगते त्याला."

"मी हो म्हटलंय."

"कुठं म्हटलंस? मौनात नुसती मान हलवलीस. ती काय धरायची?"

"तीच धरायची, बाळा."

मेघनानं माझ्याकडं पाहिलं आणि वरण वाढून घेतलं.

इंद्रजितची सेकंड शिफ्ट असते, दोनपर्यंत तो घरीच असतो. मंगळवारी नैवेद्य जरा लवकर केला, पदर सारखा केला, दार ओढून घेतलं आणि माळेगावच्या एसटीसाठी स्टँडकडं चालू लागले.