कमी बर्फाचं गाव

"शेगडीचं राहू द्या. इथे बर्फ किती पडतो ते सांगा आधी," वर्ना म्हणाली.

घर दाखवणारी ग्रेटा बोलता बोलता थांबली. नवी शेगडी, नवा नळ, ओट्याला नवी फरशी, असं ती एकेक उत्साहाने दाखवत होती. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा.

"बर्फ? पडतो की. ख्रिसमसला शोभेपुरता."

"पायऱ्या बुडतात?"

"पायऱ्या?" ग्रेटाला हसू आलं. "अहो, मुलं बर्फाचा माणूस करायला घेतात आणि डोक्यापर्यंत यायच्या आत अंगणातला बर्फच संपतो."

वर्ना हसली नाही. तिने मागचं दार उघडून पाहिलं. पुढच्या दारातून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता सपाट होता आणि डायलिसिसचं केंद्र दोन चौक पलीकडे. गाडी बंद पडली तर चाकाच्या खुर्चीत बसवूनसुद्धा नेता आलं असतं.

ड्वेन, तिचा नवरा, भिंतीला पाठ टेकून उभा होता. फार वेळ उभं राहिलं की त्याच्या पायांना सूज यायची. पण परक्याच्या घरात तो बसत नसे.

"शोभेपुरता," तो पुटपुटला. "असल्या गावात बर्फ हटवणारा ट्रकवाला काय करतो गं? दिवसभर पत्ते कुटत असेल."

"कुटू दे," वर्ना म्हणाली. "आपल्याला हे घर हवंय."

"आपल्याला?"

ती ग्रेटाला किंमत विचारायला वळली.

त्यांचं गाव टग हिलवर होतं. ऑन्टारियो सरोवरावरून येणारा वारा वाटेतलं सगळं पाणी उचलतो आणि बर्फ करून त्या डोंगरावर आणून टाकतो. तिथल्या जुन्या घरांना वरच्या मजल्यालाही बाहेरून एक दार असतं. खालचं दार सापडेनासं झालं की वरच्या दाराने बाहेर पडायचं. ड्वेन लाफ्लरने उभा जन्म तिथल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवण्यात घालवला. गावाचा तो नारिंगी ट्रक आणि ड्वेन यांना लोक वेगळं मोजतच नसत. वर्ना खालच्या शाळेत स्वयंपाकीण होती. मुलगा टेक्सासात होता. तो जानेवारीत फोन करून, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलोय, असं मुद्दाम सांगायचा.

मग ड्वेनची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डोंगर उतरून शहरात जायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, संध्याकाळी गळून परत यायचं. वर्ना शाळेतल्या दोनशे पोरांसाठी बटाटे उकडायची आणि घरी किडनीच्या पथ्यापायी नवऱ्याच्या ताटात बटाटा येणार नाही हे बघायची.

गेल्या फेब्रुवारीत वादळ आलं ते बसूनच राहिलं. रस्ता बंद झाला, मग ट्रकही मागे बोलावले. ड्वेनची एक खेप चुकली, मग दुसरी. त्याचे पाय खांबासारखे झाले. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून तो खुर्चीत बसून होता, आणि पाण्यातून डोकं वर काढणाऱ्या माणसासारखा श्वास घेत होता. वर्ना त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. अँब्युलन्स डोंगराच्या पायथ्याशी रुतली होती. शेवटी मर्ल आला. ड्वेननेच शिकवून तयार केलेला, आता त्याचाच ट्रक चालवणारा मर्ल. मर्ल, त्याच्यासोबतचा गडी आणि वर्ना अशा तिघांनी उचलून ड्वेनला ट्रकमध्ये चढवला आणि पहिल्यांदाच तो त्या ट्रकच्या दुसऱ्या सीटवर बसला. सबंध वाटेत तो एकदाच बोलला.

"दुसरा गिअर टाक, गाढवा."

मर्ल पुढे हे सगळ्यांना हसत हसत सांगायचा. वर्नाला कधी हसू आलं नाही. हॉस्पिटलात तिने ठरवून टाकलं होतं: पुढचा हिवाळा या डोंगरावर काढायचा नाही. घर कसंही असो, लहान असो, जुनं असो, बर्फ कमी पडणाऱ्या गावात असलं पाहिजे. उन्हाळाभर ती नकाशे घेऊन बसली, गावोगावच्या लोकांना विचारत राहिली आणि सरोवराच्या दक्षिणेला, वाऱ्याच्या वाटेतून बाजूला पडलेल्या व्हीटनवर येऊन थांबली.

 परतताना डोंगराचा चढ लागल्यावर ड्वेन म्हणाला, "घर मी बांधलंय. या हातांनी."

"माहीत आहे."

"त्याचं छप्पर आजवर एकदाही..."

"बांधलंस म्हणून त्यातच मरायचंय का?"

"वाईट काय त्यात?"

"मला विचार ना वाईट काय ते! तू खुर्चीत होतास. समोर मी बसले होते."

ड्वेनने खिडकीकडे तोंड फिरवलं.

व्हीटनचं घर घ्यायचं तर आधी डोंगरावरचं विकायला हवं होतं. आणि डोंगरावर घर घेणारे एकाच जातीचे. बर्फावरच्या स्कूटरी उडवायला दूरदुरून येणारे हौशी लोक. ऑक्टोबरातल्या एका रविवारी न्यू जर्सीहून व्हिन्स पॅगानो आणि त्याची बायको जोलीन आली. व्हिन्सने गाडीतून पाय खाली टाकला आणि विचारलं, "खरं सांगा हं काका, इथे बर्फ किती पडतो?"

वर्ना चपापली. तोच प्रश्न, पण या पोराचे डोळे चमकत होते.

ड्वेन खुलला. महिनोन् महिने तो असा बोलला नव्हता. कुठल्या साली टेलिफोनच्या तारा ओलांडून गेलो, कुठल्या साली गावची शाळाच सापडेना. व्हिन्स मांडीवर थापा मारत होता. वरच्या मजल्यावरचं दार दाखवल्यावर तर त्याने जिन्यातूनच हाक मारली, "जोलीन, अगं, वर ये! इथून थेट बर्फात!"

"मी बसते जरा," जोलीन म्हणाली. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. स्वेटर ताणला गेला तेव्हा वर्नाच्या लक्षात आलं.

"केव्हा?"

"जानेवारी. तिसरा आठवडा म्हणतात."

"पहिलंच?"

"तिसरं." जोलीनने टेबलावरचा एक कण बोटाने उचलला. "आधीची दोन राहिली नाहीत. या खेपेला डॉक्टर म्हणाले, धावपळ सोडा. म्हणून नोकरी सोडली. इथे शांत आहे ना?"

"शांत आहे."

व्हिन्स आणि ड्वेन जिना उतरून आले. जोलीनने सहज विचारलं, "हॉस्पिटल किती लांब आहे?"

 वर्नाने ड्वेनकडे पाहिलं. भेटेल त्याला वादळाच्या गोष्टी सांगणारा, पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसालाही गेल्या फेब्रुवारीतली ट्रकची गोष्ट ऐकवणारा ड्वेन. आता तो सांगेल, वर्नाला वाटलं. घर विकायचं नाहीच त्याला. एका वाक्यात सगळं उधळून टाकेल.

ड्वेन खिडकीबाहेर बघत होता.

"पाऊण तास," वर्ना म्हणाली.

"एवढंच ना!" व्हिन्स म्हणाला.

"अ‍ॅपल पाय केलाय हिने," ड्वेन म्हणाला. "खाऊन जा."

दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला.

त्यानंतरचे दिवस वर्नाने कसे काढले ते तिलाच नीट सांगता आलं नसतं. एकीकडे खोकी भरणं चाललं होतं. ड्वेन न सांगता गॅरेजमधली हत्यारं पुसून, तेल लावून पेटीत भरत होता, आणि त्याचं तिला नवल वाटत होतं. व्हीटनच्या घराला पडदे लागतील म्हणून तिने कापडही आणलं. पण शाळेत पोरांच्या ताटात वाढताना हात मध्येच थांबायचा. पाऊण तास. खोटं नव्हतं ते. ऑक्टोबरात पाऊण तासच लागतो.

एका दुपारी जेवणं उरकल्यावर ती कोठीच्या खोलीत गेली, दार ओढून घेतलं आणि जोलीनला फोन लावला.

"हॉस्पिटल पाऊण तासावर आहे," ती म्हणाली, "पण जानेवारीत रस्ता असेलच असं नाही."

"म्हणजे?"

वर्नाने सगळं सांगितलं. चुकलेल्या खेपा, रुतलेली अँब्युलन्स, खुर्ची. 

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"घर विकायचं होतं म्हणून."

"मी विचारलं होतं तुम्हाला," जोलीन म्हणाली.  "तुमच्याच टेबलाशी बसून विचारलं होतं."

"हो."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

ती घरी पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती; व्हिन्सने फोन करून ड्वेनला नकार कळवला होता. ड्वेन गॅरेजच्या उंबऱ्यावर बसला होता.

"तू फोन केलास त्यांना?"

"केला." तिला वाटलं, निदान हा तरी खूश होईल. "तुला नव्हतंच ना विकायचं."

"नव्हतं!" तो ओरडला, आणि ओरडल्यामुळे त्याला दम लागला. "नव्हतंच विकायचं. तरी त्या दिवशी तोंड शिवून बसलो की नाही? ती पोरगी विचारत होती, आणि मी... मी, वर्ना! आयुष्यभर या रस्त्यावरून लोकांना हॉस्पिटलात पोचवणारा माणूस मी. खिडकीतून बाहेर बघत बसलो. कुणासाठी? पुन्हा त्या स्टुलावर तू बसू नयेस म्हणून."

वर्नाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आणि तू जाऊन मोकळी झालीस," तो म्हणाला. "तुझ्यासाठी गप्प बसलो, माझ्या नशिबी तेवढंही ठेवलं नाहीस."

त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस ते कामापुरतं बोलले. व्हीटनचं घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. डोंगरावर दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी पहिला बर्फ पडला तशी वर्नाने शाळेतून रजा घेतली आणि व्हीटनमध्ये एका न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. डोंगरावरचं घर बंद केलं. छपरावरचा बर्फ उतरवत राहायचं काम मर्लने अंगावर घेतलं.

"घर म्हणजे तुझ्या बापाचं समज," ड्वेन त्याला म्हणाला.

"बापाचं असतं तर पडू दिलं असतं, म्हाताऱ्या," मर्ल म्हणाला. "तुझं आहे म्हणून झाडीन."

व्हीटनचा हिवाळा करडा आणि ओला होता. बर्फ यायचा तो पावसात मिसळून. बोटभर साचला की खाली न्हाव्याकडे लोक हैराण झाल्याच्या गप्पा मारायचे. सुरुवातीला ड्वेन ते ऐकून खो खो हसायचा. नाताळनंतर हसेनासा झाला. एकही खेप चुकली नाही. पायांची सूज उतरली, वजन जागेवर आलं, डॉक्टरांनी वर्नाची पाठ थोपटली. खिडकीशी बसलेला ड्वेन मात्र दिवसेंदिवस लहान दिसत होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वारा फिरला. व्हीटनमध्ये नुसती थंडी होती. आभाळही धड भरलं नव्हतं. पण उत्तरेकडे क्षितिजावर ढगांची काळी भिंत दिवसच्या दिवस हलली नाही. ड्वेन ती बघत राहायचा.

मर्लचा फोन आला तेव्हा ड्वेन केंद्रात यंत्राला जोडलेला होता. वर्ना बोलायला बाहेरच्या बोळात गेली. मर्ल चार दिवस ट्रकवरून उतरला नव्हता. गावचा रस्ता उघडा ठेवायचा की एका रिकाम्या घराचं छप्पर झाडायचं, यात त्याने काय निवडलं असेल हे तिने विचारलं नाही. तो रडत होता. ती म्हणाली, "तू झोप आता, बाळा," आणि आत आली.

ड्वेनने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"मर्ल ना?"

"हो."

"छप्पर?"

तिने मान हलवली.

"कुठली बाजू?"

"सगळंच. मधोमध बसलं."

यंत्राची चाकं फिरत होती. नळीतून त्याचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं.

"मर्लला लागलं नाही ना?"

"नाही. तो पोचायच्या आधीच गेलं."

"आणि रस्ता?"

"तीन दिवस बंद होता. आपल्या वळणाच्या वर तर अजून नाही उघडला."

ड्वेनने डोळे मिटले. तो झोपला असं तिला वाटलं. तिने पिशवीतून विणकाम काढलं, परत ठेवलं. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा टीव्हीवर कसलासा सामना बघत होता.

"त्या पोरीचे दिवस याच आठवड्यात भरत होते ना?" डोळे न उघडता ड्वेनने विचारलं.

"याच."

"काही कळलं?"

"नाही. कोण कळवणार?"

"हं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पाय गार पडलेत माझे. जवळ ये ना जरा."

वर्नाने खुर्ची त्याच्या पायांशी ओढली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे काही मागितलं होतं. तिने पांघरूण वर केलं आणि त्याचे तळवे दोन्ही हातांत धरून चोळायला लागली.

तेवढ्यात त्या दिवशीची नवी नर्स यंत्र तपासायला आली. पंचविशीची, गोड चेहऱ्याची. तिने कागदावरचं नाव वाचलं.

"मिस्टर लाफ्लर. तुम्ही वरचे म्हणे, टग हिलचे?"

"हो."

"बापरे. तिकडे तर माणूसभर बर्फ पडतो म्हणतात. काय करता तुम्ही तिकडे?"

"बर्फ हटवतो," ड्वेन म्हणाला. "रस्ते उघडे ठेवतो."

नर्सने वर्नाकडे पाहिलं. वर्नाने मान डोलावली, आणि पांघरुणाची कड नीट दुमडून त्याच्या घोट्यांखाली खोचली.