तिसऱ्या अंकातली शांतता

परीक्षण पाकिटात घालून झालं होतं. संध्याकाळपर्यंत संपादकांकडे पोचवायचं, एवढंच उरलं होतं. तरी मला चैन पडेना.

चाळीस वर्षांनी एक संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर आलं होतं. वडिलांची भूमिका करणारे दादा जुन्या नटालाही मागे टाकतात, असं मी लिहिलं होतं. पण नायिका कच्ची. तिसऱ्या अंकात पदाआधी ती अडते आणि वडिलांचं वाक्य स्वतःच बोलून टाकते. परीक्षण विरुद्ध गेलं तर मुलगी बदलायची, असं निर्मात्याने ठरवलं होतं. संपादकांनीच मला तसं सांगितलं होतं.

“खात्री आहे ना? मग तोंड का उतरलंय?” बायकोने विचारलं.

“खात्री आहे. नाटकाचं पुस्तक मांडीवर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली.”

“म्हणजे नाटक वाचलंत. बघितलंत कधी?” तिने हात पुढे केला. “दुपारचा खेळ आहे. पुस्तक इकडे द्या आणि जा.”

पुस्तकाशिवाय हातांचं काय करावं कळेना. तिकिटाच्या घड्या घालत बसलो. नायकाच्या मित्राचं काम करणारा पोरगा पहिल्या वेळी मला फार आवडला होता. आज तो हशा वसूल करत हिंडतोय असं वाटलं. म्हणजे तिथे चुकलोच होतो.

तिसरा अंक आला. मुलगी घर सोडून निघते आणि वडील म्हणतात, “दार उघडंच आहे.” मग पद. दादांनी खुर्चीची पाठ धरली. ओठ हलले, आवाज फुटेना. नजर दिव्यावर खिळलेली. मुलगी थांबली. वादकही थांबले, त्यांना सवय असावी. मग तिने जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्हीच म्हणता ना बाबा, दार उघडंच आहे म्हणून?”

“उघडंच आहे,” दादा म्हणाले, आणि शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. पहिल्या वेळी याच क्षणी मी पुस्तकात बोट घालून सुटलेली ओळ शोधत होतो.

रंगपटात जायचं धाडस मी जन्मात केलं नव्हतं. आज गेलो. ती दारातच भेटली.

“निर्मात्याला सांगितलं का नाहीस?”

तिने आत एक नजर टाकली. मग हळूच म्हणाली, “काय सांगू, काका? दादांना आठवत नाही म्हणून? उद्याच घरी बसवतील.”

“आणि तुझं काय?”

“मला दुसरं काम मिळेल. त्यांना कोण देणार?”

आतून दादांचा खणखणीत आवाज आला. “कोण, परीक्षक? अहो, नापास करू नका हो म्हाताऱ्याला!”

मी हसलो, आणि निघालो.

घरी येऊन पाकीट फाडलं. दादांबद्दलचं होतं तसं ठेवलं. नायिकेवरचा परिच्छेद काढून लिहिलं : ‘तिसऱ्या अंकात वडील-मुलीमध्ये जी शांतता पसरते, ती पुस्तकात नाही. ती या मुलीने आणली आहे. तिच्या जागी दुसरी कुणी उभी केली, तर हा अंक उभा राहणार नाही.’

बायकोने वाचलं. “हे सगळं खरं आहे?”

“लिहिलंय तेवढं खरं आहे.”

तिने कागद नव्या पाकिटात घातला. मग पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं, आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं.