बिथरलेल्या हत्तीचा निकाल

चाळिशी उलटलेली माणसं चिमुकले शिपाई मांडून खेळतात हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला गल्लीत तोंड दाखवायची चोरी झाली होती. माझा लेक विरेश भवानी पेठेत चादरीचं दुकान चालवतो, दोन लेकरांचा बाप आहे. रविवार आला की दुकानावरच्या खोलीत टेबलावर हिरवी चादर अंथरतो आणि बोटाच्या पेराएवढे शिपाई, घोडे, हत्ती मांडून बसतो. एकीकडे विजयनगर, एकीकडे बहमनी. पट्टीनं मोजून फौज सरकवायची, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं आणि उरलेला वेळ भांडायचं. भांडण फौजांचं कमी, नियमांचं जास्त. नियमांचं पुस्तक इंग्रजी. म्हातारीनं सुपारी चघळावी तशी त्यातली एकेक ओळ हे लोक चघळणार.

मग त्यांनीच मला पंच केलं. त्यांची रीत अशी, की नियमाचा अर्थ लागेना तर न खेळणाऱ्या माणसानं निकाल द्यायचा, आणि दिलेला निकाल मोडायचा नाही. मल्लिनाथ छापखानेवाला त्यांचा कप्तान. तो म्हणाला, "गुरम्माअव्वांसारखं तोंडावर बोलणारं दुसरं कोण हाय?" मी वरवर नाक मुरडलं, पण आतून फुलले. मी चौथी शिकलेली. माझ्यापुढं ही सुटाबुटातली माणसं मान वाकवतात म्हटल्यावर कोण फुलणार नाही? जिन्याजवळ माझी खुर्ची कायमची पडली.

त्या रविवारी विरेशसमोर माझा जावई होता, शिवानंद. कुर्डुवाडीला रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर असतो. बेंगळुरूला या खेळाचे सामने होते, चौघांचा संघ जाणार होता. तिघं ठरलेले. चौथ्या जागेसाठी हे दोघं मेव्हणे. जिंकेल तो जाणार. चंद्रिकेनं, माझ्या लेकीनं, आधीच फोन केला होता. "अव्वा, ह्यांना आजवर कुणी कुटं न्हेलं न्हाय. ह्या येळी लई मन लावलंय. रजा पण टाकलीया."

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला तिकिटं देता येत्यात. लढाई कुठली जमती?"

फोन स्पीकरवर होता आणि जावई शेजारीच बसला होता, हे मला नंतर कळलं.

तर खेळ रंगला. शिवानंदच्या तिरंदाजांनी विरेशचा पुढचा हत्ती जखमी केला, फासा पडला, हत्ती बिथरला. पुस्तकात म्हणे असं आहे, की बिथरलेला हत्ती जवळच्या तुकडीवर धावतो आणि वाटेतलं सगळं तुडवतो. आता जवळची कुणाची? विरेशचेच भालेकरी हत्तीला जवळजवळ चिकटून उभे. शिवानंदचे तिरंदाज वीतभर लांब.

"जवळची म्हंजे जवळची," शिवानंद म्हणाला. "आपली का परकी, असं काय लिवलेलं न्हाय."

"शत्रूची जवळची," विरेश म्हणाला. "हत्ती सोताच्याच माणसांवर जाईल व्हय? डोकं चालवा की दाजी."

"पुस्तकाच्या मागं शंकांची उत्तरं दिल्यात. वाचून दाखवतो, मग अव्वा ठरवतील."

तो पानं चाळायला लागला, आणि इथं मी तोंड उघडलं.

"मिटा ते पुस्तक, जावईबापू. हत्ती मी बघितलाय. पुस्तकवाल्यानं बघितलाय का? माझ्या माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडं, मठाचा हत्ती होता. रथाच्या दिवशी फटाक्यानं बिथरला. परगावच्या बाजारकऱ्यांत घुसला, पण गावच्या एका माणसाला सोंड लावली न्हाय. हत्ती आपली माणसं वळखतो. विरेशचं बरोबर हाय."

शिवानंदनं पुस्तक मिटलं. "अव्वा म्हणतील तसं," म्हणाला, आणि हत्ती स्वतःच्या हातानं उचलून आपल्याच तिरंदाजांवर नेला. तो हत्ती त्यानंच रंगवलेला. विरेशची सगळी फौज त्यानंच रंगवून दिली आहे, हत्तीच्या गळ्यातल्या घंटेसकट. तिरंदाज पडले, फळी फुटली, खेळ संपला.

मी मिरवत खाली, दुकानामागच्या स्वयंपाकघरात आले. नवऱ्याबरोबर आलेली चंद्रिका भाकऱ्या थापत होती. वरचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"अव्वा, त्या हत्तीनं येडू माहुताचा पाय मोडला होता की," ती म्हणाली. "पयल्यांदा त्यालाच तुडवलं. आमाला लहानपणी तूच सांगायचीस. इसरलीस व्हय?"

व्हय म्हटलं असतं तर सुटले असते. पण मी विसरले नव्हते. वर बोलत होते तेव्हा येडूचा तो वाकडा पाय माझ्या डोळ्यांपुढं होता. मी त्याला बाजूला सारून बोलले. लेक बेंगळुरूला जावा म्हणून.

चंद्रिकेनं भाकरी तव्यावर टाकली. "जाऊ दे. हे आधीच म्हणाले होते, अव्वांच्या तोंडाला कोण लागणार."

मला वाटत होतं, ही माणसं माझ्या न्यायाला मान वाकवतात. ती माझ्या जिभेला वाकत होती. कानशिलं तापली. तशीच पुन्हा जिना चढले.

वर शिवानंद एकेक शिपाई कापसात गुंडाळत होता.

"थांबा," मी म्हटलं. "निकाल चुकला."

"अव्वा, दिलेला निकाल मोडत न्हाईत," विरेश म्हणाला. "रीत हाय."

"रीत मला शिकवू नगंस. चुकला न्हाय, मी चुकवला." येडूचं सगळं सांगितलं. "वाचा आता ते मागचं पान."

शिवानंद हलला नाही. मल्लिनाथनंच पुस्तक उघडलं आणि मराठीत सांगितलं, "जवळची तुकडी धरावी. मग ती सोताची असो न्हाय तर शत्रूची."

मी विरेशकडं पाहिलं. तो चादरीची सुरकुती सारखी करत होता. कान लाल झालेले.

"तुला ठाऊक होतं?"

"निकाल तू दिलास, अव्वा. मी काय बोलणार?"

माझ्याच तोंडाआड लपला होता. त्याला काय बोलावं? मीच घडवलेला.

मल्लिनाथ दर चालीला मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. त्यावरून फौजा होत्या तशा मांडल्या. हत्ती विरेशच्याच भालेकऱ्यांवर गेला, मधली फळी फाटली आणि शिवानंदचे घोडे आत घुसले. जिंकला तो. टाळी कुणीच वाजवली नाही. मल्लिनाथ एवढंच म्हणाला, "शिवानंद, बेंगळुरूची तयारी करा."

सगळे जेवायला बसले तेव्हा मी शेंगाचटणी वाढता वाढता जावयापुढं थांबले. सगळ्यांदेखत म्हटलं, "जावईबापू, माझं चुकलं. फोनवर तिकिटांचं बोलले, ते बी."

"न्हाय अव्वा, तसं कशाला," असं तो म्हणेल म्हणून मी उभी होते. दरवेळी तेच म्हणत आलाय. त्यानं भाकरी मोडली. मग म्हणाला, "फुडच्या येळी मी पुस्तक वाचून दाखवीन. आधी ऐकून घ्या. मग बोला."

या घरात मला असं कुणी कधी बोललं नव्हतं. उत्तर जिभेच्या टोकाशी आलं होतं, चांगलं झणझणीत.

ते गिळलं, आणि व्हय म्हटलं.